माळरान, पेढी आणि समभाग : सातारा-सांगलीच्या भूमीत भांडवल कसे आले

#थ्रेड #इतिहास

१/
जमीन विकत घेणे हा स्थावर व्यवहारातील सोपा भाग आहे. कठीण भाग पुढे येतो. त्या जमिनीवर काही उभे राहून त्यातून उत्पन्न सुरू होईपर्यंत जी वर्षे जातात, त्या वर्षांत थांबून राहणारा पैसा कोणी द्यायचा? आज खाजगी गुंतवणूक निधी, कर्जरोखे आणि शेअर बाजार हे त्याचे उत्तर मानले जाते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी हाच प्रश्न तीनशे वर्षांत निरनिराळ्या रीतींनी सोडवला. त्या रीतींचा हा मागोवा.

२/
प्रत्येक रीत तपासताना चार प्रश्न उपयोगी पडतात. जागा कोणाची? थांबणारा पैसा कोणाचा? तोटा झाला तर तो सर्वांत आधी कोणाच्या अंगावर येतो? आणि जमिनीची किंमत वाढली तर ती वाढ कोणाच्या घरी जाते? व्यवहाराच्या कागदावरची भाषा पिढीगणिक बदलत गेली आहे. हे चार प्रश्न मात्र कधीच बदलले नाहीत.

३/
आरंभ साताऱ्यापासून. १७०८ मध्ये शाहू छत्रपतींचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी हळूहळू शहर आकाराला आले. यादोगोपाळ, चिमणपुरा, व्यंकटपुरा, मल्हार, सदाशिव, भवानी या पेठांची नावे आजही पत्त्यांत आहेत. पेठ वसवणे हे मराठेशाहीत एक ठरलेले आर्थिक तंत्र होते. सरकार स्वतःच्या खजिन्यातून घरे बांधीत नसे. सरकार जागा देई आणि त्यासोबत कौल देई.

४/
कौल म्हणजे अभयपत्र. नव्या पेठेत येऊन दुकान मांडणाऱ्या वाण्या-उदमींना काही वर्षे कर माफ, नंतर थोडा, मग दरसाल चढत जाऊन पूर्ण. या चढत्या आकारणीला इस्तावा म्हणत. पेठ वसवण्याची खटपट करणाऱ्याला शेटेपणाचे वतन मिळे, म्हणजे बाजारातील ठरावीक हक्क वंशपरंपरेने. घर बांधण्याचा खर्च आणि धोका व्यापाऱ्याचा असे. सरकार फक्त आजचे उत्पन्न सोडून उद्याच्या उत्पन्नाची वाट पाही.

५/
सांगलीचा जन्मही असाच. पटवर्धन घराण्यातील वाटणीनंतर चिंतामणराव आप्पासाहेब मिरजेहून वेगळे झाले आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकाच्या सांध्यावर त्यांनी कृष्णाकाठच्या सांगलीला राजधानी केली. गणेशदुर्ग, गणपती मंदिर आणि त्यांच्याभोवती बाजारपेठ उभी राहिली. संस्थानिकाने देवालय आणि कोट बांधायचा, आणि त्या सावलीत व्यापाऱ्यांनी आपल्या पैशाने पेठ भरायची, अशी ही विभागणी होती. आजच्या भाषेत पहिला पायाभूत खर्च राजाचा, बाकीची गुंतवणूक खाजगी.

६/
जागेचा एक निराळा सौदा १८२०च्या दशकाच्या अखेरीस झाला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याला महाबळेश्वरच्या थंड हवेत गोऱ्यांसाठी वसाहत हवी होती. डोंगर साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांच्या मुलखातला. अखेर वाईकडील खंडाळा हे गाव महाराजांना देऊन त्याच्या बदल्यात हा टापू कंपनी सरकारने घेतला. वसाहतीचे नाव पडले माल्कम पेठ. महसुलाच्या हिशेबाने गाव देऊन गाव घेतले. पण त्या डोंगराचे मोल पुढे वाढत गेले आणि ती वाढ सातारच्या गादीकडे आली नाही. १८४८ मध्ये तर गादीच खालसा झाली.

७/
एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जमिनीचे स्वरूपच पालटले. रयतवारी मोजणीनंतर शेतकऱ्याच्या नावे क्रमांक लागलेला, सारा ठरलेला आणि मुख्य म्हणजे विकता किंवा गहाण टाकता येणारा तुकडा आला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा होता. परिणाम उलटा झाला. सावकार मुदत संपण्याआधी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला.

८/
त्या व्यवहारात जमीन हे तारण होते, पण कर्ज जमिनीवर काही उभारण्यासाठी नव्हते. ते सारा भरण्यासाठी, लग्नासाठी, दुष्काळात पोट भरण्यासाठी होते. अशा कर्जातून नवे उत्पन्न निघत नाही, त्यामुळे परतफेड फक्त जमीन देऊनच होऊ शकते. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उद्रेक झाला. त्याचे पडसाद पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत उमटले, आणि सप्टेंबरमध्ये तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील, आजच्या सांगलीतील शिराळा तालुक्यातल्या कोकरूडलाही दंगा झाला.

९/
या दंग्यांचे लक्ष्य बहुधा सावकाराचा जीव नसे. लोकांना हवे होते ते त्याच्या पेटीतले रोखे. कागद हाती लागले की ते फाडले किंवा जाळले जात. ज्या कागदाने जमीन जाते तो कागद नाहीसा करावा, हा त्यामागचा सरळ हिशेब. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. न्यायालयाला रोख्यावरच्या आकड्यामागे जाऊन मूळ मुद्दल किती, व्याज किती, हे तपासण्याचा अधिकार मिळाला.

१०/
या पार्श्वभूमीवर १९१० ची घटना वाचली पाहिजे. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर तयार करीत. लोखंडाने जमीन नासते अशी त्या काळी शेतकऱ्यांत समजूत होती आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली होती. धंदा सावरतो न सावरतो तोच शहरविस्तारासाठी नगरपालिकेने त्यांना कारखान्याची जागा सोडायला सांगितले. यंत्रे होती, कारागीर होते, गिऱ्हाईक तयार होत होते. जागा नव्हती आणि स्थलांतरासाठी पैसा नव्हता.

११/
औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन देऊ केली आणि दहा हजार रुपयांच्या कर्जाची व्यवस्था केली. जमीन म्हणजे निवडुंग आणि सापांनी भरलेला माळ. कोणत्याही पेढीने त्या माळावर तारण म्हणून छदाम दिला नसता. पंतप्रतिनिधींनी माळाकडे पाहून पैसा दिला नाही. त्यांनी माणसाकडे पाहून दिला आणि माळ त्यासोबत दिला. स्थावर गुंतवणुकीत हा फरक फार मोठा आहे.

१२/
हा राजाचा नुसता दानधर्मही नव्हता. औंध हे तुकड्या-तुकड्यांत विखुरलेले लहान संस्थान. त्याच्या ओसाड माळातून सारा नगण्य येई. तेथे कारखाना उभा राहिला तर मजुरी, बाजार, रेल्वेची मालवाहतूक आणि संस्थानाचा लौकिक, सारेच वाढणार होते. थांबण्याची तयारी, हाती असलेली पण पडून राहिलेली जमीन आणि स्थानिक माणसांची पारख या तीन गोष्टी एकाच हाती आल्या. कारखान्याभोवती कामगारांची घरे, शाळा, बाग आली आणि माळाचे गाव झाले. स्टेशनाचे नावही पुढे किर्लोस्करवाडी झाले.

१३/
मात्र राजाच्या मर्जीवर एखादा उद्योग फार वाढू शकत नाही. पहिले महायुद्ध संपताना मागणी वाढली होती आणि भांडवल एका घराच्या आवाक्याबाहेरचे लागत होते. जानेवारी १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. मर्यादित या शब्दात साऱ्या व्यवस्थेचे मर्म आहे. भागधारकाचा तोटा त्याने घातलेल्या रकमेपुरताच. त्याच्या घरावर आणि शेतावर कोणाची टाच येणार नाही. कोकरूडच्या ऋणकोला जे संरक्षण नव्हते, ते समभाग घेणाऱ्याला कायद्याने दिले.

१४/
या संरक्षणाची किंमतही होती. कंपनी बुडाली तर आधी कामगारांचे कायद्याने ठरलेले देणे आणि तारण असलेल्या पेढीचे कर्ज, मग इतर धनको, आणि काही उरलेच तर भागधारक. म्हणून त्याला ठरावीक व्याज मिळत नाही, पण वाढीचा वाटा मिळतो. आजचा खाजगी गुंतवणूक निधी याच शेवटच्या पंक्तीत बसतो. सर्वांत मागे जेवायला बसणाऱ्याला कधी पक्वान्न मिळते, कधी रिकामे पातेले.

१५/
याच काळात कराडजवळ, औंध संस्थानच्याच एका तुकड्यात १९१६ साली ओगले काच कारखाना सुरू झाला आणि त्याभोवतीच्या वस्तीला ओगलेवाडी हे नाव पडले. त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघरी गेला. त्याच १९१६ मध्ये सांगली बँक स्थापन झाली. १९३६ मध्ये साताऱ्यात युनायटेड वेस्टर्न बँक आली. व्यापारी, वकील, शिक्षक आणि बागायतदार यांच्या लहान ठेवी गोळा होऊन त्याच परिसरात कर्जाऊ जाऊ लागल्या. पेढीची जागा बँकेने घेतली.

१६/
सांगलीजवळच्या हरिपूरने तर जमिनीच्या पोटातच एक बाजार उभा केला. तेथील विशिष्ट मातीत खोल पेवे खणून हळद साठवीत. पेव भरले की त्याची पावती हाती येई. माल जमिनीखाली जागच्या जागी राही आणि पावती हातोहात फिरे. तिच्यावर उचल मिळे, तिची विक्री होई. जड वस्तू जागची न हलवता तिची मालकी कागदावर फिरवणे, ही समभागाच्या बाजारामागची मूळ कल्पना. २००५ च्या महापुरात पेवांमध्ये पाणी शिरले. कागदाखाली खरी हळद असते आणि ती भिजू शकते, याची आठवण त्या पुराने करून दिली.

१७/
स्वातंत्र्यानंतर तिसरी रीत आली. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवले गेले. याच दशकात वसंतदादा पाटलांनी सांगलीत शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा केला आणि कराड तालुक्यात रेठरे बुद्रुकला कृष्णा कारखाना आला. भांडवलाची रचना अशी : ऊस उत्पादकांचे भाग, राज्य सरकारचे भाग, आणि औद्योगिक वित्त महामंडळासारख्या संस्थांचे दीर्घ मुदतीचे कर्ज, त्याला सरकारची हमी.

१८/
ही रचना बाजारातल्या कंपनीसारखी दिसते, पण एक मूलभूत भेद आहे. कंपनीत जितके भाग तितकी मते. सहकारात भाग कितीही असोत, मत एकच. शिवाय भाग दर्शनी किमतीलाच परत जातो. कारखान्याभोवती शहर वाढले, त्याच्या शेकडो एकर जागेचा भाव कितीही चढला, तरी सभासदाच्या भागाच्या कागदावर त्याचे प्रतिबिंब पडत नाही. त्याचा लाभ उसाच्या दरातून मिळावा अशी अपेक्षा. चांगल्या कारखान्यांत तो मिळाला. दूध संघ, शिक्षणसंस्था आणि पाणीपुरवठा योजना यांतूनही तो गावात आला.

१९/
कारखाना अडचणीत आला की मात्र शेवटची पंक्ती कोणाची, ते उघडे पडते. कोरेगाव तालुक्यातील जरंडेश्वर सहकारी साखर कारखाना राज्य सहकारी बँकेने थकीत कर्जापोटी २०१० मध्ये लिलावात विकला. त्या विक्रीवरून वाद न्यायालयात गेला आणि २०२१ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने मालमत्तेवर तात्पुरती टाच आणली. वादाचा निवाडा न्यायालयांचा विषय आहे. भांडवलाच्या दृष्टीने एवढेच नोंदवावे, की लिलावात आधी तारणधारक बँक येते आणि ज्यांनी कारखाना उभा केला ते सभासद रांगेत शेवटी उभे असतात.

२०/
चौथी रीत रोख्यांची. बच्छावत लवादाने कृष्णेचे ५६० टीएमसी पाणी महाराष्ट्राला ठरवून दिले होते आणि मे २००० नंतर वाटपाचा फेरविचार होऊ शकत होता. तोवर पाणी अडवले पाहिजे, पण खजिन्यात पैसा नव्हता. १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. महामंडळाने राज्याच्या हमीवर बाजारात कर्जरोखे विकले. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांच्या मागे मुंबईच्या भांडवल बाजारातून आलेला हा पैसाही होता.

२१/
रोख्याला वाट पाहणे ठाऊक नसते. धरण पूर्ण होवो न होवो, कालव्यात पाणी येवो न येवो, व्याजाची तारीख येतेच. उपसा योजनेला वीजबिलही लागते आणि पाणीपट्टीतून रोखे फिटतील इतके उत्पन्न येणे अशक्यच होते. परतफेडीचा भार अखेर राज्याच्या तिजोरीवर आला आणि कामे अनेक वर्षे रेंगाळली. पाणी मात्र टप्प्याटप्प्याने खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत या कोरड्या तालुक्यांपर्यंत पोहोचू लागले, आणि जेथे ते पोहोचले तेथे जमिनीचे मोल वाढले. ती वाढ शेतकऱ्याला मिळाली. किंमत राज्यभरच्या करदात्याने दिली.

२२/
आता आजची रीत. २००५ मध्ये केंद्राने नगरवसाहतींच्या बांधकामात परकीय गुंतवणुकीची दारे सैल केली आणि खाजगी निधी भारतीय स्थावर बाजारात उतरले. विमा कंपन्या, निवृत्तिवेतन निधी आणि धनिक यांचा पैसा एका व्यवस्थापकाकडे एकत्र येतो. तो प्रकल्पात भाग घेतो, काही वर्षांनी विकून बाहेर पडतो. निधीचे आयुष्य आधीच ठरलेले असते. म्हणून जमीन कितीही चांगली असली तरी ठरावीक मुदतीत गिऱ्हाईक मिळेल का, हाच त्याचा पहिला प्रश्न असतो.

२३/
त्याला बाहेर पडण्याची एक वाट शेअर बाजारातून निघाली. सेबीने २०१४ मध्ये स्थावर गुंतवणूक न्यासांचे, म्हणजे रीटचे नियम केले आणि २०१९ मध्ये एम्बसी ऑफिस पार्क्स हा पहिला न्यास बाजारात नोंदला गेला. किमान ८० टक्के मालमत्ता पूर्ण बांधलेली आणि उत्पन्न देणारी हवी, आणि वाटण्याजोग्या रोख रकमेपैकी किमान ९० टक्के धारकांना वाटली पाहिजे. म्हणजे हरिपूरच्या पावतीसारखीच रीत : इमारत जागेवर, भाड्याचा हक्क हातोहात. साताऱ्याचा शिक्षकही बंगळूरच्या कार्यालयाचा लहानसा धनी होऊ शकतो.

२४/
पण हा पैसा सांगलीला उलट दिशेने येत नाही, याचे कारणही त्याच नियमांत आहे. न्यासाला तयार इमारत आणि मोठे, स्थिर भाडेकरू लागतात. जिल्ह्याच्या गावी इमारत बांधतानाचा धोका अजूनही स्थानिक बिल्डर, त्याचे नातेवाईक, पतसंस्था आणि आगाऊ हप्ते भरणारे ग्राहकच उचलतात. २०१६ च्या रेरा कायद्याने ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवणे बंधनकारक केले, ते याचसाठी. घर घेणारा हा नकळत भांडवलदार झाला होता, आणि तोही शेवटच्या पंक्तीतला.

२५/
मधल्या काळात एक घडामोड फारशा चर्चेविना घडली. युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये आणि सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. ठेवीदारांचा पैसा सुरक्षित राहिला, ही मोठी गोष्ट. मात्र ज्या टेबलावर सातारचा अर्ज सातारचाच माणूस वाचत असे, ते टेबल उठले. १९१० मध्ये किर्लोस्करांना जे मिळाले ते केवळ दहा हजार रुपये नव्हते. माणसाची पारख करून थांबू शकणारा, जवळचा धनको त्यांना मिळाला होता.

२६/
तीनशे वर्षांचा ताळेबंद मांडला तर चित्र असे दिसते. पेठेत सरकारने कर सोडला आणि धोका व्यापाऱ्याने घेतला. कोकरूडला सारा धोका कुळाच्या माथी होता. किर्लोस्करवाडीत तो राजाने आणि नंतर भागधारकांनी वाटून घेतला. साखर कारखान्यांत तो शेतकऱ्यांनी, कृष्णा खोऱ्यात करदात्यांनी आणि आजच्या गृहप्रकल्पांत मोठ्या प्रमाणावर ग्राहकांनी उचलला. भांडवलाचे नाव दर वेळी वेगळे होते. जेथे धोका घेणाऱ्यालाच वाढीचा वाटा मिळाला, तेथे गाव उभे राहिले. जेथे धोका एकाचा आणि वाढ दुसऱ्याची झाली, तेथे कागद फाडले गेले किंवा न्यायालयात गेले.

२७/
सातारा-कागल रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आज भूखंडांचे फलक लागले आहेत. बिनशेती झालेल्या शेताचे तुकडे, हप्त्यांची सोय, भाव दुप्पट होण्याची ग्वाही. त्या फलकासमोर उभ्या राहणाऱ्याने विचारायचे प्रश्न शाहूंच्या काळी होते तेच आहेत. जागा कोणाच्या नावे आहे, पैसा कोणाचा लागला आहे, काम थांबले तर प्रथम कोणाचे बुडेल, आणि भाव वाढला तर तो कोणाला मिळेल. चारही उत्तरे लेखी मिळाली, तरच सही करावी.